दिव्यांग मुलासाठी निवासी सोय शोधताना : पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पालकांसाठी माहिती

घरात बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल असेल, तर आई-वडिलांच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी येतोच. याला सांभाळणारी, शिकवणारी, राहण्याची सोय असलेली एखादी चांगली जागा मिळेल का? वडिलांची एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी असते किंवा ते आखातात नोकरीला असतात, आई एकटी पडते, आजी-आजोबा थकलेले असतात. बरेच पालक हा प्रश्न मोठ्याने विचारतही नाहीत, कारण "मूल टाकून दिलं" असं बिरादरीतले लोक म्हणतील ही धास्ती असते. मग अगदी गळ्याशी आल्यावर, कोणीतरी सांगितलेल्या पहिल्याच जागी घाईने मूल ठेवलं जातं. धोका तिथेच असतो. निवासी सोय शोधणं हा गुन्हा नाही. पण हा शोध क्रमाने आणि डोळे उघडे ठेवून करावा लागतो. तो क्रम इथे दिला आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. मुलांच्या विकासाशी संबंधित मुख्य प्रकार म्हणजे बौद्धिक अक्षमता, ऑटिझम (स्वमग्नता), सेरेब्रल पाल्सी आणि एकापेक्षा जास्त दिव्यांगता एकत्र असणं. जुन्या पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर अजून "मतिमंद" हा शब्द दिसतो. शोधताना तो शब्द ओळखीचा असू द्या. मुलासमोर मात्र तो वापरू नका.

ही अवस्था म्हणजे मानसिक आजार नव्हे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे. त्यामुळे ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय ही अशा मुलाला कायम ठेवण्याची जागा नाही. मुलाला झोप लागत नसेल, राग आवरत नसेल किंवा फिट येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांचे उपचार जरूर घ्यावेत. पण उपचार वेगळे आणि निवास वेगळा. साया, नजर, जादू म्हणून एका आमिलकडून दुसऱ्याकडे फिरण्यात मुलाची सुरुवातीची मोलाची वर्षं वाया जातात. दुआ घरात चालू राहू द्या, पण तपासणीची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

निवासी सोय खरंच हवी आहे का?

हा प्रश्न टाळू नका. कायद्याचा कल मुलाने घरात राहावं असाच आहे. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे, केवळ दिव्यांगता आहे म्हणून कोणत्याही मुलाला आई-वडिलांपासून वेगळं करता येत नाही. वेगळं करायचं तर मुलाच्या हितासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. आई-वडील सांभाळू शकत नसतील तर आधी जवळचे नातेवाईक, मग समाजातलं एखादं कुटुंब आणि अगदी अपवाद म्हणून संस्था, असा क्रम कायद्याने लावून दिला आहे. पालकांनी आपल्या मर्जीने मुलाला निवासी शाळेत शिकायला घालणं यात येत नाही, कारण तिथे पालकत्व तुमच्याकडेच राहतं.

नवरा-बायकोने बसून या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत :

१. नेमकी अडचण कोणती आहे? शिक्षण मिळत नाही, दिवसा सांभाळायला कोणी नाही, रात्री झोप नाही, की मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करतं?
२. ही अडचण दिवसाच्या शाळेने सुटेल का?
३. वर्षातून काही दिवस आईला विसावा मिळाला तर घर सावरेल का?
४. मुलाचं वय किती आहे? अठराच्या आत की पुढे?

बऱ्याच घरांत खरी गरज चोवीस तासांच्या निवासाची नसते, दिवसाच्या आधाराची असते. त्यासाठी जवळच काही दारं आहेत. समग्र शिक्षा योजनेत पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ज्या मुलाला शाळेत येणं शक्यच नाही, त्याला घरी जाऊन शिकवण्याची तरतूद या योजनेत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि विकासात उशीर दिसला तर पुढच्या केंद्राकडे पाठवलं जातं. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर शोध इथूनच सुरू करा. इतक्या लहान मुलासाठी वसतिगृह हा उपाय नाही. त्याला थेरपी हवी आणि आई हवी.

कागदपत्रांशिवाय दार उघडत नाही

संस्था चांगली असो वा सुमार, पहिली मागणी कागदांची होते. म्हणून आज निवासी सोय नको असली तरी ही फाइल तयार ठेवा.

यूडीआयडी कार्ड आणि दिव्यांगता प्रमाणपत्र : अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. अर्जातली नावं आधारशी जुळतात का ते पाहा. आपल्याकडे उर्दू नावांचं स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेत तिसरं असतं. शेख, शैख, मोहम्मद, मुहम्मद यातल्या एका अक्षराने अर्ज अडकतो. सगळीकडे एकच नाव करून घेणं हे पहिलं काम समजा.

प्रमाणपत्रावरची टक्केवारी : बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता लागते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला बौद्धिक अक्षमतेऐवजी "विकासात सर्वांगीण उशीर" असं निदान दिलं जातं आणि ते प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. नूतनीकरणाची तारीख असेल तर ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

इतर कागद : जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लसीकरण कार्ड, बुद्ध्यांक चाचणी किंवा ऑटिझम तपासणीचा अहवाल आणि चालू औषधांची यादी. शिवाय एका पानावर मुलाच्या सवयी लिहा. काय खातो, कशाला घाबरतो, तहान लागली की कसं सांगतो, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. हा कागद कोणी मागणार नाही, पण मुलाला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होईल.

निवासी सोयीचे प्रकार

"होस्टेल" या एका शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकाचं दार वेगळं असतं.

पहिला प्रकार, निवासी विशेष शाळा. मूल वसतिगृहात राहतं आणि तिथेच शिकतं. या शाळा राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत येतात. जिल्ह्यात त्यांचं काम जिल्हा परिषदेमार्फत पाहिलं जातं. अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ही शाळा असल्यामुळे दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल साधारणपणे घरी येतं, याचं नियोजन आधीच करा.

दुसरा प्रकार, विशेष बालगृह. ज्या मुलाला कोणीच नाही किंवा ज्याचे पालक त्याला सांभाळण्यास असमर्थ आहेत, त्याच्यासाठी ही व्यवस्था आहे. हा प्रवेश बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे बाल कल्याण समितीच्या आदेशाने होतो. मुंबईत मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीचं असं बालगृह कित्येक दशकांपासून चालतं. इथे एक इशारा द्यायला हवा. समितीसमोर "मूल सुपूर्द करतो" अशा अर्थाच्या कागदावर सही करणं म्हणजे शाळाप्रवेश नव्हे. कायद्यात त्याचा अर्थ पालकत्वाचा त्याग असा होतो आणि फेरविचारासाठी फक्त दोन महिने मिळतात. मराठी कागद वाचायला अडचण असेल तर वाचणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि समजल्याशिवाय सही करू नका.

तिसरा प्रकार, थोड्या दिवसांचा विसावा निवास. आईचं ऑपरेशन, घरातलं लग्न, उमरा किंवा हजचा प्रवास, मोठं आजारपण अशा वेळी मूल काही दिवस ठेवता येतं. राष्ट्रीय न्यासाची "समर्थ" योजना या कामासाठी आहे.

चौथा प्रकार, खासगी किंवा पालक संघटनांनी चालवलेलं निवासगृह. इथे मासिक शुल्क असतं आणि काही ठिकाणी अनामतही घेतात. लेखी करार आणि प्रत्येक रकमेची पावती मागा.

पाचवा प्रकार, अठरानंतरची कार्यशाळा आणि कायमचं निवासगृह. राष्ट्रीय न्यासाची "घरौंदा" योजना प्रौढांच्या आयुष्यभराच्या निवासासाठी आहे.

पालघरमध्ये विचारायचं कुठे?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद आता कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात आहेत. बोईसरहून पालघरला येताना ते वाटेतच लागतं, म्हणून एका दिवसात खालची कामं उरकता येतात.

जिल्हा परिषदेत दिव्यांग आणि समाजकल्याणाचं काम पाहणाऱ्या कार्यालयात जा. जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या ठाणे जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त निवासी विशेष शाळांची यादी लेखी मागा. नाव, पत्ता, मान्यता क्रमांक, मंजूर जागा आणि सध्याची मुलं, एवढी माहिती त्यात हवी. तोंडी उत्तर मिळालं तर साध्या अर्जावर पोच घ्या. तरीही यादी मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा.

जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक स्तर समितीबद्दल विचारा. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ प्रमाणे जिल्हाधिकारी या समितीचे प्रमुख असतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगता या चार प्रकारांसाठी ती काम करते.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती यांच्याकडे अनाथ, सोडून दिलेल्या किंवा छळ होत असलेल्या मुलासाठी जायचं. तातडीची वेळ असेल तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

तहसील कार्यालय तुमच्या तालुक्याचंच लागतं. बोईसर आणि तारापूर पालघर तालुक्यात येतात, पण खाडीपलीकडचं चिंचणी डहाणू तालुक्यात आहे. चुकीच्या तहसीलला गेलात तर दिवस जातो आणि रोजही बुडतो.

मुंबईत तपासणी आणि मार्गदर्शन कुठे मिळेल?

डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ पासून धावते, त्यामुळे पालघर-बोईसरहून मुंबई एका दिवसात करून परत येता येतं. वांद्रे पश्चिमेला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बोलणं आणि ऐकणं यातल्या अडचणींसाठी ती केंद्र सरकारची संस्था आहे. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. हातापायांच्या हालचालीची अडचण असेल तर तिथे जावं. नवी मुंबईत खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. शिवडीचं जय वकील फाउंडेशन १९४४ पासून बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी काम करतं. सेरेब्रल पाल्सीसाठी वांद्र्याची "अदाप्त" ही संस्था आहे. स्पास्टिक्स सोसायटी हे तिचं जुनं नाव, ती १९७२ मध्ये सुरू झाली. ही ठिकाणं मुख्यतः तपासणी, थेरपी आणि शिक्षणासाठी आहेत. पण कोणत्या मुलाला कशा प्रकारचा निवास योग्य, याचा प्रामाणिक सल्ला अशा जागी मिळतो आणि तो संस्था निवडण्याआधी घ्यावा.

सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत आहे. त्यासाठीचं प्रमाणपत्र फाइलमध्ये असू द्या.

संस्था तपासल्याशिवाय मूल ठेवू नका

हा भाग घाईत असलेल्या पालकांनी दोनदा वाचावा. २०१० साली शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या बालगृहातली मुलं कुपोषित असल्याच्या आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. राज्यभरातल्या अशा बालगृहांची पाहणी करण्यासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शहापूर आणि पालघर तेव्हा एकाच ठाणे जिल्ह्यात होते. पुढच्याच वर्षी पनवेलजवळ कळंबोलीच्या एका बालगृहातले अत्याचार उघडकीस आले. त्या खटल्यात २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला आणि इतर काहींना दोषी ठरवलं. ज्या मुलांवर हे सगळं गुदरलं, त्यातल्या अनेकांना धड सांगताही येत नव्हतं. बोलू न शकणाऱ्या मुलाची जबान म्हणजे त्याचे आई-वडील, म्हणून चौकशी आपल्यालाच करावी लागते.

पहिला प्रश्न नोंदणीचा. अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. बालगृह असेल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ ची नोंदणी लागते आणि ती नसेल तर कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लोक इथे एक गल्लत करतात. "आमचा ट्रस्ट रजिस्टर आहे" म्हणून धर्मादाय आयुक्तांचा कागद दाखवला जातो. ट्रस्टची नोंदणी वेगळी आणि दिव्यांग मुलं ठेवण्याची मान्यता वेगळी. दुसरा कागद मागा आणि त्याची मुदत संपली नाही ना ते बघा.

हीच गोष्ट यतीमखाना आणि मदरशालाही लागू होते. नियत कितीही नेक असली तरी प्रशिक्षित माणसं आणि मान्यता नसेल, तर चोवीस तास आधार लागणारं मूल तिथे ठेवणं त्या मुलावर आणि चालवणाऱ्यांवरही अन्याय आहे.

मग स्वतः जाऊन बघा. एकदा वेळ ठरवून आणि एकदा न सांगता जेवणाच्या वेळी जा. या गोष्टी तपासा :

१. पालकांना कधीही भेटू देतात का? "पहिले तीन महिने भेट नाही" असं सांगणाऱ्या जागेचा नाद सोडा.
२. विशेष शिक्षकांकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? क्रमांक विचारा.
३. रात्री किती मुलांमागे किती माणसं असतात? मुलींच्या विभागात रात्री महिला कर्मचारीच असतात का?
४. संडास-बाथरूमला पाणी आणि आडोसा आहे का? मोठ्या मुलांना अंघोळ कोण घालतं?
५. औषधांची वही आहे का? मुलांना शांत ठेवण्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या देतात का?
६. फिट आली तर कोणत्या दवाखान्यात नेतात? गाडी आहे का?
७. प्रत्येक मुलाची वेगळी शिक्षण योजना लिहिलेली आहे का? एखादी दाखवायला सांगा.
८. तिथल्या दोन पालकांशी संस्थेचा माणूस शेजारी नसताना बोलता येईल का?
९. मूल काढून घ्यायचं ठरवलं तर अनामत परत मिळेल का? हे लेखी आहे का?

मुलांकडेही बघा. केस, नखं, कपडे, अंगावरचे वळ. नवीन माणूस दिसल्यावर मुलं मोकळी जवळ येतात की कोपऱ्यात सरकतात, हेही पुष्कळ सांगून जातं.

आपल्या घरातले खास प्रश्न

भाषेचा प्रश्न सर्वांत आधी विचारा. आपलं मूल घरी उर्दू, दखनी किंवा कोकणी ऐकतं आणि शाळा मराठी असते. सर्वसाधारण मूल दोन्ही भाषा उचलतं. जे मूल मोजून वीस शब्दांवर चालतं, त्याचा "पानी" किंवा "दुखता" कोणालाच कळला नाही तर ते मूल हट्टी ठरतं. वीस-तीस रोजचे शब्द, त्यांचा मराठी अर्थ आणि शेजारी चित्र असा तक्ता बनवून संस्थेत द्या आणि वर्गात लावायला सांगा. घरीही दोन महिने आधीपासून तेच मराठी शब्द वापरायला लागा.

खाण्याबद्दल स्पष्ट बोला. बऱ्याच वसतिगृहांत रोजचं जेवण शाकाहारीच असतं, त्यामुळे अडचण येत नाही. मांसाहार देत असतील तर हलालचा प्रश्न शांतपणे विचारा. ईदला घरी न्यायची परवानगी आणि रमजानमध्ये औषध घेणाऱ्या मुलाला रोजा ठेवायला न लावणं, हे आधीच सांगून ठेवा. ज्याला समज नाही त्याच्यावर रोजा-नमाजची जबाबदारी नाही, हे उलेमाही सांगतात.

मुलगी असेल तर पाळी येण्याआधीच संस्थेची तयारी विचारा. पॅड कोण बदलतं, नोंद कोण ठेवतं? मुलगा असो वा मुलगी, "माझ्या अंगाला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही" हे चित्रांतून शिकवलं पाहिजे. काही संशय आला तर घरची इज्जत म्हणून गप्प बसू नका. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याची जबाबदारी आहे.

पैशांची बाजू

राष्ट्रीय न्यासाच्या "निरामय" योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. प्रवेशापूर्वी वैद्यकीय चाचणी लागत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करायचा. दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा ५० हजार रुपये आहे.

तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ईएसआय लागू असेल तर दिव्यांग आणि पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून असलेल्या अपत्याला वयाची मर्यादा नाही. पंचवीस-तीस वर्षांचा मुलगाही कार्डावर राहू शकतो. आणि पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत, सभासदाच्या पश्चात कायम आणि पूर्ण दिव्यांग अपत्याला वय न बघता पेन्शन मिळते. त्यासाठी कंपनीच्या नोंदीत त्या मुलाचं नाव कुटुंबात असलं पाहिजे. ठेकेदाराकडे काम असेल तर नोंद झाली का ते स्वतः बघा. अणुऊर्जा केंद्रात किंवा इतर केंद्रीय सेवेत असणाऱ्यांनी आपल्या विभागाकडून कुटुंब निवृत्तिवेतनात मुलाचं नाव लावून घ्यावं. आयकर भरणाऱ्यांना जुन्या कर पद्धतीत कलम ८०डीडी खाली ७५ हजार आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगतेसाठी सव्वा लाखाची वजावट मिळते.

जकातीबद्दल पालक विचारतात. आई-वडील स्वतःच्या मुलाला जकात देऊ शकत नाहीत. पण कुटुंब गरीब असेल तर मामा, चाचा, फुफी किंवा बैतुलमाल मदत करू शकतात. संस्थेच्या इमारतीसाठी देणं आणि एका गरीब मुलाच्या शुल्कासाठी देणं यात मसल्याचा फरक आहे. देण्याआधी आपल्या मुफ्तींना विचारून घ्या.

अठरानंतर काय?

सगळ्यात कठीण प्रश्न हाच आहे आणि तो प्रवेशाच्या दिवशीच विचारायला हवा. शाळा आणि बालगृह अठराव्या वर्षापर्यंतच असतात, आपलं मूल त्यापुढेही कित्येक वर्षं जगणार असतं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. अठरानंतर या मुलांनी जायचं कुठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले आहेत. पालकांनी स्वतः उभी केलेली उत्तरंही आपल्या जवळच आहेत. बदलापूरची "आधार" ही बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी पालकांनीच काढलेली निवासी संस्था आहे. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचं "घरकुल" आहे. या जागा जाऊन बघाव्यात. आपलं मूल तिथे ठेवायचं नसलं तरी पाच-दहा पालक एकत्र आले तर काय होऊ शकतं, ते तिथे दिसतं. 

दुसरं काम कायदेशीर पालकाचं. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या कलम १४ खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. हा कायदा सर्व धर्मांच्या कुटुंबांना सारखाच लागू आहे. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. आपल्याकडे याला आणखी महत्त्व आहे. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात अल्पवयीन मुलाच्या मालमत्तेचं पालकत्व आईकडे आपोआप येत नाही. बापाचं निधन झालं तर तिला न्यायालयात जावं लागतं. म्हणून दोघंही हयात असतानाच पुढचा पालक कोण, यावर भावंडांशी बोलून ठेवा.

तिसरं, वारसा. "माझं सगळं या मुलाच्या नावे वसीयत करीन" असं बाप म्हणतो. पण वसीयत एक तृतीयांशपर्यंतच चालते आणि ती वारसाच्या नावे असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते. हयातीत हिबा करता येतो. घर किंवा रक्कम मुलाच्या नावे झाल्यावर ती सांभाळणार कोण, हा प्रश्न तरीही उरतो. त्यासाठी पालक नेमणूक किंवा कौटुंबिक ट्रस्ट लागतो. हे काम शरियत आणि कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाकडूनच करून घ्या.

ठेवल्यानंतर

प्रवेश झाला की काम संपलं असं नाही. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला जा, नंतर महिन्यातून किमान एकदा. आई एकटी नाही, बाप, भाऊ, बहीण, आळीपाळीने सगळे जा. ज्या मुलाला भेटायला कोणी ना कोणी सारखं येतं, त्याच्याकडे संस्थेचंही लक्ष राहतं. वजन नोंदवा, फोटो काढून ठेवा, औषधं जुन्या चिठ्ठीशी ताडून पाहा. मूल घरी आलं की त्याची जागा, त्याची चादर, त्याचा पेला तसाच असू द्या. शादी, अकीका, ईद यात त्याला मागे ठेवू नका.

आणि आईची तब्येत विसरू नका. मन खचलं असेल, झोप येत नसेल तर टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

या महिन्यात करायचं एवढंच : नावं दुरुस्त करा, यूडीआयडीचा अर्ज भरा, चार प्रश्नांची उत्तरं लिहा आणि एक दिवस कोळगावला जाऊन यादी मागा. जागा पसंत करणं त्यानंतरचं काम. मशिदीच्या जमातीत किंवा शाळेच्या पालक सभेत असं मूल असलेलं दुसरं घर माहीत असेल, तर हा क्रम त्यांनाही सांगा. दोन घरं मिळून गेली की साहेबही उत्तर देतात आणि आपलाही धीर टिकतो.